महाविद्यालयीन प्रादेशिक सांघिक प्रोग्रॅमिंग स्पर्धा भरवताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

प्रादेशिक स्पर्धा सभागृहामुळे क्वचितच बिघडते. बॅनर लागलेले असतात, ओळखपत्रं वाटून झालेली असतात आणि दुसऱ्या तासाला लक्षात येतं की एका प्रश्नाच्या टेस्ट डेटातच (उत्तरं तपासायच्या इनपुट-आउटपुट फाइलींतच) चूक आहे. मूळ कारण जवळपास नेहमी एकच असतं: तयारीचा क्रम उलटा लागलेला असतो. जागा, पाहुणे आणि टी-शर्ट आधी ठरतात, प्रश्नसंच शेवटच्या पंधरवड्यात उरकला जातो आणि संघांचा कोड तपासून निकाल देणाऱ्या यंत्रणेची पहिली खरी चाचणी स्पर्धेच्या दिवशीच होते.

पुढचा क्रम आयसीपीसी (आंतरराष्ट्रीय महाविद्यालयीन प्रोग्रॅमिंग स्पर्धा) पद्धतीच्या स्पर्धेसाठी आहे: तिघांचा संघ, संघाला एकच संगणक, पाच तास. आकडे ६० संघ धरून दिले आहेत. संघ कमी-जास्त असले तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

टप्पा १: माणसं आणि नियम (१६ आठवडे आधी)

तीन जबाबदाऱ्या तीन वेगळ्या माणसांकडे द्या. मुख्य परीक्षक प्रश्न, डेटा आणि निकाल बघतो. तांत्रिक प्रमुखाकडे सर्व्हर, नेटवर्क आणि संगणक असतात. बाकी सगळं संचालक सांभाळतो. स्पर्धा चालू असताना या तिघांनाही एकाच वेळी काम असतं. दोन जबाबदाऱ्या एकाकडे असतील तर नेमक्या अडचणीच्या दहा मिनिटांत एक काम पडून राहतं.

परीक्षक मंडळात किमान सहा जण घ्या. ज्याचा संघ उतरणार आहे असा प्रशिक्षक मंडळात नको आणि प्रश्नांच्या फोल्डरचा प्रवेशही त्याला नको. तो कितीही विश्वासू असला तरी निकालानंतर शंका त्याच्यावरच येते, आणि हे त्याच्यासाठीही वाईट असतं.

नोंदणी उघडण्याआधी हे नियम लेखी जाहीर करा:

- संघात तीन जण, राखीव खेळाडू असेल तर तो कधीपर्यंत बदलता येईल, आणि पात्रतेच्या अटी. आयसीपीसीच्या साखळीतली स्पर्धा असेल तर त्या वर्षीचे अधिकृत नियमच लागू.
- सोबत काय आणता येईल. छापील संदर्भासाठी २५ पानांची मर्यादा रूढ आहे. कागदाच्या एकाच बाजूला की दोन्ही बाजूंनी, हेही लिहा. दारावर सगळ्यात जास्त वाद याच मुद्द्यावर होतात.
- भाषा, कंपायलरच्या नेमक्या आवृत्त्या आणि संकलनाची पूर्ण आज्ञा, अक्षरशः जशी चालेल तशी.
- गुणांकन. सुटलेले प्रश्न जास्त तो वर. प्रश्न समान असतील तर एकूण वेळ कमी असलेला वर, आणि तीही समान असेल तर शेवटचा अचूक प्रश्न आधी सोडवणारा वर.

गुणांकनाचं एक उदाहरण नियमातच द्या. दोन चुकीच्या प्रयत्नांनंतर ४७व्या मिनिटाला प्रश्न सुटला तर त्याची वेळ ४७ अधिक प्रत्येकी २० मिनिटांचा दंड, म्हणजे ८७ मिनिटं. जो प्रश्न सुटलाच नाही त्यावरच्या चुकीच्या प्रयत्नांना दंड नाही. संकलनातल्या चुकीला दंड आहे की नाही ते स्पष्ट लिहा आणि यंत्रणेतली सेटिंग त्याच्याशी जुळते का ते लगेच बघा.

टप्पा २: प्रश्नसंच (१६ ते ४ आठवडे)

या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो.

पाच तासांसाठी १० ते १२ प्रश्न पुरतात. प्रस्ताव मात्र दुप्पट मागवा, कारण काही आधी कुठेतरी येऊन गेलेले निघतात, काहींचं उत्तरच चुकीचं असतं, तर काही नुसते कंटाळवाणे असतात. संच निवडताना तीन कसोट्या लावा: प्रत्येक संघाचा किमान एक प्रश्न सुटावा, प्रत्येक प्रश्न कुणीतरी सोडवावा, आणि सगळे प्रश्न कुणाचेच सुटू नयेत. दोन प्रश्न खरोखर सोपे ठेवा. परीक्षकांना ‘अगदीच पोरकट’ वाटणारा प्रश्न साधारण योग्य पातळीचा असतो. प्रश्नांना दिलेली ए, बी, सी ही अक्षरं काठिण्याच्या क्रमाने लावू नका; सोपा प्रश्न शोधून काढणं हासुद्धा स्पर्धेचाच भाग आहे.

प्रत्येक प्रश्नासोबत इतकं साहित्य तयार झाल्याशिवाय तो ‘पूर्ण’ मानू नका:

१. दोन वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांचा कोड न बघता लिहिलेली दोन अचूक उत्तरं. त्यांतलं एक जावामध्ये, एक सी प्लस प्लसमध्ये.
२. मुद्दाम चुकीची लिहिलेली किमान तीन उत्तरं: एक हळू चालणारं, एक चुकीचा ग्रीडी विचार करणारं (दर पायरीला समोरचा सगळ्यात फायद्याचा पर्याय उचलणारं) आणि एक लहान पूर्णांकात ओव्हरफ्लो होणारं (संख्या त्यात न मावणारं).
३. इनपुट व्हॅलिडेटर. इनपुट फाइल प्रश्नात लिहिलेल्या मर्यादांप्रमाणे आहे का, हे तो एकेक जागा आणि ओळ धरून तपासतो.
४. एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर असतील तर चेकर, म्हणजे संघाचं उत्तर चालेल का ते ठरवणारा प्रोग्रॅम.
५. लहान, कडेच्या आणि कमाल आकाराच्या टेस्ट केसेस.

चुकीची उत्तरं कशाला, असा प्रश्न नेहमी येतो. एक साधा प्रश्न घ्या: दोन लाखांपर्यंत संख्या दिल्या आहेत, प्रत्येक १०० कोटींपर्यंत, आणि त्यांची बेरीज विचारली आहे. बेरीज २०० लाख कोटींपर्यंत जाते. ३२ बिटांचा पूर्णांक २१४ कोटींच्या थोडा पुढे गेला की संपतो. आता डेटा बनवणाऱ्याने दोन लाख संख्या घेतल्या, पण त्या एक ते हजार यांतून यादृच्छिक निवडल्या. बेरीज २० कोटींच्या पुढे जाऊच शकत नाही, त्यामुळे ३२ बिटांचं चुकीचं उत्तरही बिनबोभाट पास होतं. फाइल मोठी दिसते म्हणून सगळ्यांना वाटतं की कमाल केस झाली. मुद्दाम लिहिलेलं ओव्हरफ्लोवालं उत्तर चालवून पाहिलं की ही भोकं पाच मिनिटांत दिसतात.

व्हॅलिडेटर टाळण्याची किंमत वेगळ्या प्रकारे मोजावी लागते. एखाद्या परीक्षकाने विंडोजवर फाइल बनवली तर प्रत्येक ओळीच्या शेवटी नव्या ओळीच्या चिन्हाआधी कॅरिज रिटर्न हे एक अदृश्य चिन्ह राहतं. लिनक्सवर निकाल देताना जावाची ओळ वाचणारी पद्धत ते गिळून टाकते. सी प्लस प्लसमध्ये पूर्ण ओळ वाचणाऱ्याच्या शब्दाला मात्र ते चिकटून येतं आणि तुलना फसते. विचार अगदी सारखा, पण एका संघाला ‘अचूक’ आणि दुसऱ्याला ‘चुकीचं उत्तर’. त्या संघाला चूक सापडणं शक्यच नसतं, कारण ती त्याच्या कोडमध्ये नसतेच.

> सावधान: दशांश उत्तर असेल तर सहनशीलता प्रश्नात लिहा, उदाहरणार्थ सापेक्ष किंवा निरपेक्ष फरक ०.०००००१ पर्यंत चालेल, आणि तीच यंत्रणेत भरा. नाहीतर ०.५ आणि ०.५००००० ही दोन वेगळी उत्तरं ठरतात.

डेटा तयार करायला पॉलिगॉन ही प्रश्न बनवायची वेबसाइट चांगली आहे, पण तिचं पॅकेज डॉमजज या निकाल देणाऱ्या यंत्रणेत थेट चढत नाही, रूपांतर करावं लागतं. तिथे एक खड्डा हमखास लागतो. टेस्टलिब ही (पॉलिगॉनवर वापरली जाणारी) लायब्ररी घेऊन लिहिलेला चेकर ‘बरोबर’साठी ० आणि ‘चूक’साठी १ परत करतो; डॉमजज वापरतं त्या पॅकेज पद्धतीत हेच आकडे ४२ आणि ४३ आहेत. रूपांतरात हा बदल राहून गेला तर अचूक सबमिशनवरही (संघाने तपासायला पाठवलेल्या कोडवरही) निकाल न येता यंत्रणेची अंतर्गत चूक दिसते.

प्रश्नाची भाषा सगळ्यात शेवटी, ज्याने तो प्रश्न आधी पाहिलेला नाही अशा परीक्षकाकडून वाचून घ्या. त्याने फक्त छापील कागदावरून उत्तर लिहायचं. त्याने विचारलेली प्रत्येक शंका म्हणजे स्पर्धेच्या दिवशी वीस संघांकडून येणारी शंका आहे. ती आजच प्रश्नातून काढून टाका.

> तपासा: चार आठवडे आधी संच गोठवा. त्यानंतर नवीन प्रश्न नाही. डेटात बदल करायचाच झाला तर दोन परीक्षकांच्या संमतीने करा आणि त्या प्रश्नाची सगळी उत्तरं पुन्हा चालवा.

टप्पा ३: वेळमर्यादा ठरवणं

वेळमर्यादा परीक्षकाच्या लॅपटॉपवर ठरवू नका. स्पर्धेत निकाल देणार आहे त्याच यंत्रावर सगळी अचूक उत्तरं चालवा. सगळ्यात हळू अचूक उत्तराच्या किमान दुप्पट मर्यादा ठेवा. मग हळू, नापास व्हायला हवी अशी उत्तरं चालवा; ती मर्यादेच्या दीडपटीच्या आत संपत असतील तर सीमा धूसर आहे. अशा वेळी मर्यादा हलवून भागत नाही, डेटाचा आकार बदला.

पायथन चालेल असं जाहीर करणार असाल, तर प्रत्येक प्रश्न पायथनमध्ये वेळेत सुटतो का ते तपासा, किंवा तशी हमी नाही हे आधीच सांगा. दोन्हींपैकी एक करा. गप्प बसलात तर पायथनवर विसंबलेला संघ फसतो.

खोल रिकर्शनकडेही (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावण्याकडेही) बघा. त्यासाठी लागणाऱ्या मेमरीची, म्हणजे स्टॅकची, लिनक्सवर नेहमीची मर्यादा ८ एमबी असते. निकाल देणाऱ्या यंत्रावर ती जास्त आणि संघाच्या संगणकावर तेवढीच असेल, तर अचूक प्रोग्रॅम संघासमोर कोसळतो आणि सबमिट केला असता तर पास झाला असता. संघ मात्र तो सबमिटच करत नाही.

टप्पा ४: निकाल देणारी यंत्रणा (८ आठवडे आधी)

डॉमजज, कॅटिस किंवा पीसी-स्क्वेअर यांपैकी जी तुमच्या तांत्रिक चमूला हाताळता येते ती घ्या. पुढचं डॉमजज धरून आहे.

मुख्य सर्व्हर आणि डेटाबेस एका यंत्रावर ठेवा, कोड चालवणारे जजहोस्ट वेगळ्या यंत्रांवर. दोन्ही एकत्र ठेवले तर संघांनी स्कोअरबोर्ड उघडल्याचा भार कोडच्या वेळेत मिसळतो. जजहोस्ट सगळे एकाच जातीचे हवेत: तोच प्रोसेसर, तेवढीच मेमरी. प्रोसेसरचा वेग आपोआप वर-खाली करणाऱ्या सोयी बंद करा, नाहीतर तेच सबमिशन एकदा १.८ सेकंदांत आणि एकदा २.३ सेकंदांत चालतं आणि दोन सेकंदांच्या मर्यादेवर निकाल नशिबावर जातो.

किती जजहोस्ट लागतील? गर्दीच्या वेळी मिनिटाला १० सबमिशन आणि एकाला सरासरी २० सेकंद धरा. म्हणजे मिनिटाला २०० सेकंदांचं काम, किमान चार जजहोस्ट. सहा ठेवा, म्हणजे एक बंद पडला तरी रांग वाढत नाही. एका यंत्रावर प्रत्येक कोअरमागे एक जजहोस्ट चालवायचा मोह होतो. मेमरी आणि कॅश सामाईक असल्यामुळे एकाच्या भाराने दुसऱ्याची वेळ वाढते. हे मोजून पाहिल्याशिवाय करू नका.

> तपासा: प्रत्येक जजहोस्टवर तेच अचूक सबमिशन दहा वेळा चालवा. सगळ्या वेळांमधला फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

डेटाबेसचा बॅकअप दर पाच मिनिटांनी दुसऱ्या यंत्रावर गेला पाहिजे. तो परत चढवून एकदा तरी पाहा.

टप्पा ५: संघांचे संगणक आणि नेटवर्क (४ ते २ आठवडे)

एक संगणक पूर्ण तयार करा, त्याच्या डिस्कची प्रतिमा (इमेज) घ्या आणि तीच सगळ्यांवर चढवा. हाताने एकेक संगणक लावला की ३७व्या टेबलावर कंपायलरची जुनी आवृत्ती निघते. ६० संघांना किमान ६६ संगणक तयार हवेत.

प्रतिमेत स्वयंचलित अपडेट, स्क्रीन झोपणं आणि ब्लूटूथ बंद असावं. कंपायलरच्या आवृत्त्या जजहोस्टशी जुळाव्यात. भाषांचे संदर्भग्रंथ संगणकातच असावेत, कारण इंटरनेट नसणार आहे.

नेटवर्क तारेचंच ठेवा. संघांच्या संगणकांवरून फक्त स्पर्धेचा सर्व्हर आणि प्रिंटर दिसावा, एकमेकांचे संगणक दिसू नयेत. प्रत्येक टेबलाला ठरलेला आयपी पत्ता द्या आणि संघाचं खातं त्याला बांधा, म्हणजे दुसऱ्याच्या खात्यातून सबमिशन जाणार नाही. सर्व यंत्रांची घड्याळं एकाच स्रोताशी जुळवा.

वीज हा वेगळा विषय आहे. सर्व्हर, जजहोस्ट आणि प्रत्येक नेटवर्क स्विच यूपीएसवर हवा. स्विच नेमका विसरला जातो आणि मग सर्व्हर चालू असून कुणालाच दिसत नाही.

टप्पा ६: कागद, फुगे, प्रिंट

संघाला प्रश्नपत्रिकेच्या तीन प्रती, म्हणजे १८०, आणि वर दहा. त्या बंद पाकिटात टेबलावर ठेवा, सुरुवातीची घोषणा झाल्यावरच उघडायच्या. छापून आल्यावर एक प्रत पानापानाने तपासा. आकृती गाळणं आणि घातांक साध्या अंकासारखा छापणं या छापखान्याच्या नेहमीच्या चुका आहेत. ‘दहाचा पाचवा घात’ हे ‘१०५’ असं छापून आलं तर मर्यादाच बदलते.

प्रश्न सुटला की संघाच्या टेबलावर त्या प्रश्नाच्या रंगाचा फुगा लावतात, म्हणून प्रत्येक प्रश्नाला एक रंग ठरवा. लाल-नारिंगी आणि निळा-जांभळा या जोड्या लांबून सारख्या दिसतात, प्रत्येक जोडीतला एकच रंग घ्या. सोप्या दोन प्रश्नांचे फुगे संघांच्या संख्येइतके, मधल्यांचे निम्मे, अवघडांचे दहा-पंधरा. फुगे नेणाऱ्याला टेबल क्रमांकाची छापील चिठ्ठी द्या, तोंडी निरोप नको.

टप्पा ७: रंगीत तालीम (आदल्या दिवशी)

सराव सत्र म्हणजे संघांना दिलेली सवलत असं समजून अर्ध्या तासात उरकू नका. ९० मिनिटं ठेवा, प्रत्यक्षात बसणार त्याच टेबलांवर, सगळे संघ एकाच वेळी. दोन-तीन सोपे प्रश्न पुरेत.

या वेळी परीक्षकांनी स्वतःच्या खात्यातून मुद्दाम हे पाठवायचं: अनंत लूप, मेमरी संपवणारा प्रोग्रॅम, भरमसाट आउटपुट देणारा, सतत नवीन प्रक्रिया सुरू करणारा आणि संकलनच न होणारा. प्रत्येकाला अपेक्षित निकाल आला पाहिजे आणि पुढचं सबमिशन नेहमीसारखं तपासलं गेलं पाहिजे. एक जजहोस्ट भर सत्रात बंद करून पाहा. प्रत्येक संघाला एक प्रिंट आणि एक शंका पाठवायला सांगा.

> सावधान: सरावानंतर प्रत्येक संगणकावरचं संघाचं फोल्डर पुसा. सरावात लिहिलेला कोड ठेवून देणं हे २५ पानांच्या मर्यादेला दिलेली बगल आहे.

टप्पा ८: पाच तास

सुरुवातीआधी पाऊण तास संच यंत्रणेत चढलेला आहे, वेळमर्यादा बरोबर आहेत आणि परीक्षकांची सगळी उत्तरं अपेक्षित निकाल देतात, हे शेवटचं पाहून घ्या. त्यानंतर सर्व्हरला कुणी हात लावायचा नाही.

पहिला तास परीक्षकांनी प्रत्येक सबमिशन डोळ्याखालून घालायचं. एखाद्या प्रश्नावर सात-आठ संघांना ‘चुकीचं उत्तर’ येतंय आणि एकालाही ‘अचूक’ नाही, तर तो अवघड आहे असं गृहीत धरू नका. दोन परीक्षकांनी ती सबमिशन उघडून वाचायची. ती खरंच चुकीची आहेत याची खात्री पंधरा मिनिटांत झाली पाहिजे.

शंकांचं उत्तर देण्याआधी दुसऱ्या परीक्षकाने ते वाचायचं. प्रश्नातच लिहिलेलं असेल तर ‘प्रश्न नीट वाचा’ एवढंच. खरी संदिग्धता असेल तर उत्तर सगळ्या संघांना एकाच वेळी जायला हवं. एकट्या संघाला दिलेला बारीकसा इशाराही अन्याय असतो. स्वयंसेवकांनी प्रश्नावर तोंडी काहीच बोलायचं नाही, ‘हो’ किंवा ‘नाही’सुद्धा नाही.

डेटात चूक सापडलीच तर हा क्रम ठेवा:

१. त्या प्रश्नाचे निकाल थांबवा, बाकीचे चालू ठेवा.
२. चूक दुरुस्त करा, परीक्षकांची सगळी उत्तरं पुन्हा चालवा.
३. त्या प्रश्नाची सगळी सबमिशन पुनर्तपासणीला लावा. डॉमजज बदलणारे निकाल आधी दाखवतं. ते बघूनच लागू करा.
४. सगळ्या संघांना एकच घोषणा: काय चुकलं, काय बदललं.

चालू स्पर्धेत डेटा ‘आणखी कडक’ करण्यासाठी नवीन केस घालू नका. कमकुवत डेटातून कुणी सुटला असेल तर ती चूक परीक्षकांची आहे, तिची शिक्षा संघाला नको. प्रश्न रद्द करणं हा अगदी शेवटचा उपाय: त्यावर दीड तास घालवलेल्या संघाला तो वेळ कुणीच परत देऊ शकत नाही.

एका संगणकाचा बिघाड असेल तर राखीव संगणक द्या. वेळ वाढवून देऊ नका. वीज किंवा सर्व्हर सगळ्यांचा गेला तर वेळ सगळ्यांसाठी वाढवा आणि निर्णय एकट्या संचालकाने जाहीर करावा. डॉमजजमध्ये तेवढा काळ स्पर्धेतून वगळता येतो, म्हणजे दंडाची मिनिटंही बरोबर राहतात.

शेवटच्या तासाला स्कोअरबोर्ड गोठवा. संघांना स्वतःचे निकाल दिसत राहतात, इतरांचे नाही. या तासात फुगे द्यायचे की नाही ते आधीच ठरवून जाहीर केलेलं असावं. दिले तर इतरांना ते दिसतात, अचानक थांबवले तर संघ गोंधळतात.

टप्पा ९: निकाल

वेळ संपली तरी रांगेत सबमिशन असतात. शेवटचं तपासून होईपर्यंत निकाल काढू नका. मग मुख्य परीक्षकाने पहिल्या दहा संघांची सबमिशन, न सोडवलेल्या शंका आणि पुनर्तपासणीची नोंद बघून क्रमवारीवर सही करावी. त्यानंतरच गोठवलेला स्कोअरबोर्ड उघडायचा. आयसीपीसीचं रिझॉल्व्हर (गोठवलेले निकाल पडद्यावर एकेक करून उघडणारं साधन) वापरणार असाल तर ते समारंभाआधी बंद खोलीत एकदा शेवटपर्यंत चालवून पाहा. संघांची नावं आणि संस्था नोंदणीतून जशाच्या तशा आलेल्या असतात, आणि चुकीचं छापलेलं नाव तिथे सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर येतं.

आक्षेपांसाठी ठरावीक मुदत द्या. ती संपेपर्यंत सर्व्हर, जजहोस्ट आणि डेटाबेस तसेच ठेवा. संगणक परत करायची घाई त्याच संध्याकाळी सुरू होते, म्हणून या यंत्रांवर आधीच ‘हात लावू नका’ अशी चिठ्ठी चिकटवा. मुदत संपली की प्रश्न, पूर्ण डेटा आणि परीक्षकांची उत्तरं प्रसिद्ध करा, म्हणजे ज्या संघाला ४१व्या टेस्ट केसवर नापास केलं, त्याला ती केस उघडून बघता येईल.